भाडोत्री संगीत

पोटासाठीं केलेली कला ती कलाच नव्हे, असें मानणारा एक वर्ग सर्व देशांत आणि सर्व काळीं असतो. या वर्गाशीं आमचें भांडण जुनें आहे; परंतु ज्या निमित्तानें तें आज पुन्हां उकरून काढणें आम्हांस भाग पडत आहे, तें निमित्त नवें आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकांना लागणारें पार्श्वसंगीत यापुढें माणसांकडून करवून न घेतां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून काढून घ्यावें, असें आतां उघडपणें बोललें जाऊं लागलें आहे. या बोलण्याच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद पुढें येतो, तो असा: हें संगीत पूर्वीं तरी कोणी जीव ओतून केलें होतें? तें कोठारांत रचून ठेवलेलें, मागेल त्यास भाड्यानें मिळणारें, नांवगांव नसलेलें असेंच होतें. मग तें माणसानें केलें काय आणि यंत्रानें केलें काय!

व्यापाऱ्यानें असें म्हणावें यांत नवल नाहीं. नवल याचें कीं, स्वतःस रसिक म्हणविणारेही यावर मान डोलावतात. ज्या रागदारीच्या किंवा सिंफनीच्या प्रांतांत त्यांचा जीव गुंतलेला आहे, तेथें यंत्राचें पाऊल पडलें तर ते रस्त्यावर येतील. पण पोलिसी मालिकेच्या मागें वाजणाऱ्या संगीताचें काय व्हावें याची त्यांस फिकीर नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, या बेफिकिरीनेंच यंत्राला दार उघडून दिलें आहे. आणि ज्या संगीताच्या नांवानें हा दाखला दिला जातो, त्याची हकीकत नीट पाहिली तर दाखला देणाराच तोंडघशीं पडतो.

या संगीताची ओळख आमच्या बहुतेक वाचकांस नांवानें नसेल. कानानें असण्याचा संभव आहे. १९७० नंतरच्या दशकांतील एखादी इंग्रजी पोलिसी मालिका आठवावी. लंडनमधील ओला रस्ता, एकीमागें एक धांवणाऱ्या दोन मोटारी, आणि त्यांच्या मागें झांजेचा अखंड बारीक ठेका, खर्जांत फिरून फिरून तेंच बोलणारी एक हट्टी आकृति, आणि मधूनच तोंड उघडून मिटल्याप्रमाणें कुरकुरणारी गिटार. गिटार असें बोलते तें पायानें दाबावयाच्या एका साधनामुळें, ज्याला त्याच्या आवाजावरूनच 'वा-वा' असें नांव पडलें आहे. (आमच्या मैफलींतील 'वाहवा'शीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, असता तर हा लेख लिहिण्याची पाळी कदाचित् आली नसती.)

या प्रकारास 'फंक' म्हणतात. अमेरिकेंतील कृष्णवर्णी वादकांनीं, विशेषतः जेम्स ब्राउन याच्या वाद्यवृंदानें, १९६५ नंतरच्या थोड्या वर्षांत तो घडविला. पहिल्या मात्रेवर सर्वांनीं एकवटून यावयाचें आणि मधल्या मात्रांत प्रत्येकानें आपापलें तुटक काम करीत राहावयाचें, हें त्याचें मर्म. समेचें महत्त्व ज्यास ठाऊक आहे त्यास तें परकें वाटूं नये. १९७१ सालच्या 'शाफ्ट' या गुप्तहेराच्या चित्रपटास आयझॅक हेज यानें याच धाटणीचें संगीत दिलें, त्यांतील गीतास पुढच्या वर्षीं ऑस्कर मिळालें, आणि तेव्हांपासून गुन्हा म्हटला कीं फंक हें समीकरण पडद्यावर रूढ झालें.

आतां कोठाराची गोष्ट. ज्यास इंग्रजींत 'लायब्ररी म्यूझिक' म्हणतात, त्यास आम्ही या लेखापुरतें कोठार-संगीत म्हणूं. हॉलंडहून लंडनला आलेल्या मेयर डी वुल्फ या गृहस्थानें १९०९ सालीं मूकपटांसाठीं संगीत पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या नांवाची संस्था अजून चालू आहे. केपीएम या दुसऱ्या संस्थेनें १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास रॉबिन फिलिप्स याच्या देखरेखीखालीं तबकड्यांची एक माळ काढली. सर्वांचीं वेष्टनें हिरवीं, एकाच नमुन्याचीं; वर चित्र नाहीं, वादकाचा चेहरा नाहीं. या तबकड्या दुकानांत विकत मिळत नसत. त्या ध्वनिक्षेपण-संस्थांकडे व चित्रपट-संकलकांकडे जात. प्रत्येक रचनेपुढें दोन-चार शब्दांत तिचा भाव आणि तिची लांबी छापलेली असे. आणि ज्यास जो तुकडा हवा असेल त्यानें तो घेऊन, तीस-तीस सेकंदांच्या हिशेबानें, त्याचा दर भरावा. किराणा दुकानांतील पुड्यांसारखीच ही व्यवस्था, हें आम्ही आधींच कबूल करतों. म्हणजे तें कोणास शोधून काढण्याचे श्रम नकोत.

या कोठाराचा उपयोग कसा होई याचें उत्तम उदाहरण 'द स्वीनी' ही मालिका. १९७५ पासून १९७८ पर्यंत थेम्स टेलिव्हिजनकरितां यूस्टन फिल्म्स या संस्थेनें तिचे ५३ भाग काढले. मालिकेची शीर्षक-धून हॅरी साउथ या जॅझ-पियानोवादकानें खास तिच्यासाठीं रचली होती. परंतु भागाच्या पोटांतील पाठलाग, पहारा, दारूच्या गुत्त्यांतील खलबतें, यांच्या मागें वाजणारें संगीत बव्हंशीं डी वुल्फ व तत्सम कोठारांतलें होतें. एक भाग सुमारें दहा दिवसांत चित्रित व्हावयाचा; त्या घाईंत प्रत्येक भागासाठीं नवा वाद्यवृंद बसविणें परवडणारें नव्हतें. अर्थात् काटकसरींतूनच हें संगीत तेथें आलें. पण काटकसरींतून आलेली वस्तु हिणकसच असली पाहिजे हा सिद्धांत कोणी काढला? तो सिद्ध करून दाखविण्याचें ओझें आमच्या प्रतिपक्षावर आहे, आणि तें त्यांनीं आजवर उचललेलें नाहीं.

कोठार-संगीतकाराचें काम किती चमत्कारिक होतें याचा विचार या टीकाकारांनीं कधीं केला आहे काय? तमाशांतील ढोलकीवाला नाचणारीच्या पावलांवर नजर ठेवून ठेका बदलतो. चित्रपटाचा संगीतकार चित्र पाहतो, घड्याळ लावतो, आणि नायकानें दार उघडलें त्याच क्षणीं तार छेडतो. कोठार-संगीतकारास यांपैकीं कांहींच दिसत नाहीं. पाठलाग कोणाचा, पळणारा गुन्हेगार कीं निरपराधी, तो सांपडतो कीं निसटतो, रात्र आहे कीं दिवस, हें त्याला कोणी सांगत नाहीं. कारण सांगणारासही तें ठाऊक नसतें. त्याला प्रसंगावांचून भाव निर्माण करावयाचा असतो. एवढेंच नव्हे, तर त्या रचनेंत दुसऱ्या कोणाची कात्री कोठेंही चालावी अशी तिची ठेवण असावी लागते. म्हणून लांब आलाप नाहीं. पहिल्याच क्षणीं ठेका उभा. स्वरस्थान फारसें हलवावयाचें नाहीं, नाहीं तर तुकडा मधूनच कापतांना जोड उघडा पडेल. चाल विरळ ठेवावयाची, कारण वर पात्रें बोलणार आहेत आणि त्यांच्या शब्दांस जागा हवी. शेवट मात्र स्वच्छ, एका घावाचा. रेंगाळत विरणारा शेवट संकलकाच्या उपयोगाचा नाहीं. इतकीं बंधनें पाळून, पुन्हां ती रचना ऐकतांना अंगांत ठेका भरला पाहिजे! वृत्ताच्या आणि यमकाच्या बंधनांचें कौतुक करतांना ज्यांची वाणी थकत नाहीं, त्या आमच्या काव्यशास्त्रज्ञांनीं हीं बंधनें एकदां मोजून पाहावींत.

आणि या आंधळ्या रचनेचा परिणाम काय झाला? ती ज्या कामासाठीं केली त्या कामांतून सुटून भलतीकडेच उभी राहूं शकली. नील रिचर्डसन याची एक रचना केपीएमच्या कोठारांत होती. तिचें नांवच 'येऊं घातलेलें संकट' अशा अर्थाचें. कोणा खुन्याच्या पावलांमागें ती वाजावयाची. पण १९७२ सालीं बीबीसीनें 'मास्टरमाइंड' ही प्रश्नोत्तरांची स्पर्धा सुरू केली आणि काळ्या खुर्चींत एकट्या बसलेल्या स्पर्धकाच्या छातींत धडकी भरविण्यासाठीं तीच रचना निवडली. जॉनी पिअर्सन याची 'हेवी ॲक्शन' ही धून इंग्लंडांत एका क्रीडा-कार्यक्रमाची आणि अमेरिकेंत सोमवारच्या रात्रींच्या फुटबॉलची निशाणी होऊन बसली. अॅलन हॉकशॉ याची 'चिकन मॅन' ही वा-वा गिटारची रचना १९७८ पासून एका शाळेवरील मुलांच्या मालिकेच्या आरंभीं वाजूं लागली. कीथ मॅन्सफील्ड याचा 'फंकी फॅनफेअर' २००३ सालच्या 'किल बिल' चित्रपटाच्या तोंडाशीं येतो. ज्या संगीतांत स्वतःचा प्राण नाहीं तें अशा रीतीनें एका देहांतून दुसऱ्या देहांत जाऊं शकतें काय? केवळ प्रसंगाच्या आधारानें उभें असलेलें संगीत प्रसंग काढून घेतल्याबरोबर कोसळतें. हें कोसळलें नाहीं.

मागणीप्रमाणें रचना केली म्हणून ती हलकी, हा आक्षेप तर मराठी माणसाच्या तोंडीं मुळींच शोभत नाहीं. १९११ सालच्या 'मानापमाना'च्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं आणि १९१६ सालच्या 'स्वयंवरा'च्या भास्करबुवा बखले यांनीं दिल्या, त्या नाटकमंडळीच्या गरजेप्रमाणें, ठराविक प्रवेशांसाठीं आणि ठराविक गळ्यांसाठींच दिल्या. त्यांतील पदें पुढें नाटकास सोडून मैफलींत आलीं, तेव्हां कोणी नाक मुरडलें नाहीं. आम्ही हॉकशॉला भास्करबुवांच्या शेजारीं बसवीत नाहीं. तुलना योग्यतेची नाहीं, न्यायाची आहे. एकाच प्रकारच्या व्यवहारास एके ठिकाणीं परंपरा म्हणावयाचें आणि दुसरीकडे बाजार, हा कोणता न्याय?

या कोठारांत भूस पुष्कळ आहे. एका तबकडींतील दहा-बारा रचनांत दोन-तीन ऐकण्याजोग्या, उरलेल्या सामान्य, हें प्रमाण आम्हांस उदार वाटतें. (आमच्या मासिकांतील कवितांचें प्रमाण याहून बरें असतें असें शपथेवर सांगावयास आम्ही तयार नाहीं.) दुसरी गोष्ट याहून गंभीर. लंडनच्या या वादकांनीं फंक अमेरिकेंतून उसना आणला, आणि हिरव्या वेष्टनावर या उसनवारीची नोंद कोठें नाहीं. मूळ देशांत तरी न्याय झाला होता असें नाहीं: जेम्स ब्राउनचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याचा एक ठेका पुढें असंख्य गाण्यांत कापून चिकटवण्यांत आला, आणि २०१७ सालीं तो वारला तोंवर त्या उपयोगांबद्दल त्याच्या हातीं जवळ जवळ कांहींच पडलें नव्हतें. लंडनची नक्कल चतुर होती, कांहीं ठिकाणीं प्रतिभेचीही होती. पण ती नक्कल होती, आणि तिच्या कैवारानें लिहितांना हें झांकून ठेवणें आम्हांस मान्य नाहीं.

आतां पैशाकडे वळूं, कारण सर्व वादाची मुळी तेथें आहे. संगीतकाराचें नांव वेष्टनावर असे आणि प्रक्षेपणाच्या स्वामित्वधनांत त्याचा वांटा असे. वादकास मात्र बैठकीची ठराविक बिदागी मिळे आणि त्याचा संबंध संपे. नांवही बहुधा छापलें जात नसे. हे वादक सामान्य नव्हते. हर्बी फ्लॉवर्स याचेंच पाहा. १९७२ सालच्या लू रीडच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड' या गाण्यांतील जगप्रसिद्ध खर्जाची सुरावट त्याची. ती त्यानें दोन निरनिराळ्या वाद्यांवर वाजविली आणि दोन वाद्यें म्हणून दुप्पट बिदागी घेतली, एवढीच त्याची कमाई. हें तो स्वतः हंसत सांगत असे. आपण मात्र तें ऐकून हंसावें असें आम्हांस वाटत नाहीं.

ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेला या कोठारांचा धोका आरंभींच दिसला होता. तयार तबकड्या आल्या कीं मालिकांसाठीं प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार, म्हणून तिनें असल्या ध्वनिमुद्रणास विरोध केला. आणि त्यामुळें या कंपन्या आपल्या संगीतकारांस घेऊन ब्रुसेल्स, कलोन, म्यूनिच अशा गांवीं जाऊन ध्वनिमुद्रण करूं लागल्या. यावर आमचा प्रतिपक्षी लागलीच म्हणेल, "पाहा! जिचा तुम्ही कैवार घेतां त्या तबकडीनेंच पूर्वीं माणसांस घरीं बसविलें. आज यंत्र तबकडीला घरीं बसवीत आहे. मग रडगाणें कशाचें?" प्रश्न बिनतोड दिसतो खरा. परंतु त्या तबकडींतही कोणी तरी वाजवीतच होतें! लंडनच्या बांकावरील काम ब्रुसेल्सच्या बांकावर गेलें. हा अन्याय असेल, पण दोहों बांकांवर माणसें होतीं, त्यांच्या बोटांस घट्टे होते, आणि एकानें चुकून लावलेला स्वर ऐकून दुसरा हंसून त्यावर स्वर चढवीत होता. आज जें येऊं पाहत आहे त्यांत बांकच रिकामें आहे. संघटनेचें त्या काळचें भय खोटें नव्हतें. तें चाळीस-पन्नास वर्षें आधीं आलें इतकेंच.

आणि तें यंत्र तरी जगतें कशावर? आधींच्या माणसांनीं वाजवून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांवर. तीं त्याला चारल्यावांचून त्यास एक मात्राही येत नाहीं. २०२४ सालीं अमेरिकेंतील मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनीं सूनो आणि यूडिओ या यंत्रकर्त्यांवर जी फिर्याद केली तिचा मुद्दा हाच कीं, आमचा माल न विचारतां यंत्राच्या घशांत घातला. पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत ब्रिटनमधील हजारांहून अधिक संगीतकारांनीं, सरकार स्वामित्वाच्या कायद्यांत जो बदल करूं पाहत होतें त्याच्या निषेधार्थ, केवळ रिकाम्या ध्वनिमुद्रणगृहांची शांतता भरलेली एक मुद्रिका प्रसिद्ध केली. आम्हांस व्यापाऱ्यांस इतकेंच पुसावयाचें आहे: जुनें पार्श्वसंगीत जर निर्जीव आणि कवडीमोल होतें, तर तुमच्या यंत्राला त्याच्यावांचून उपाशी कां राहावें लागतें? आणि जर त्यांत यंत्रानें शिकावें असें कांहीं आहे, तर तें ज्यानें घातलें त्यास 'नांवगांव नसलेला' म्हणून बाजूस सारण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला?

या संगीताचे शत्रू एवढेच असते तर बरें होतें. त्याचे मित्रही आहेत, आणि त्यांच्यापासून त्याचें रक्षण करणें अधिक कठीण आहे. १९९० नंतर तबकड्यांच्या जागीं नव्या चकत्या आल्या, तेव्हां जुने संग्रह अडगळींत निघाले, आणि हिरव्या वेष्टनांच्या मागें शौकीन लागले. त्यांनीं हें संगीत वांचविलें, हें ऋण मोठें आहे. २००१ सालीं 'स्वीनी'तील कोठार-रचना एकत्र करून प्रसिद्ध झाल्या, त्याही या शौकापायींच. पण यांतील अनेकांच्या प्रेमांत एक कुचेष्टा मिसळलेली असते. जाड मिशा, रुंद गळपट्ट्या, चॉकलेटी मोटारी आणि वा-वा गिटार, हें सर्व एकाच पेटींतील गमतीचें सामान! हसूं येतें म्हणून आवडतें. चांगलें आहे म्हणून आवडतें असें म्हणावयाची त्यांस लाज वाटते.

या कुचेष्टेचा एक शिंतोडा मुंबईवरही उडाला आहे. १९९९ सालीं अमेरिकेंत 'बॉम्बे द हार्ड वे' या नांवाची मुद्रिका निघाली. १९७० नंतरच्या दशकांत कल्याणजी-आनंदजी यांनीं हिंदी गुन्हेगारी चित्रपटांस दिलेल्या पार्श्वसंगीतावर नवे ठेके चढवून ती केली होती. संगीत कोठारांतलें नव्हे, पण कूळ तेंच: तीच पळापळ, तीच गिटार, तेंच ठासून येणारें पितळी वाद्यांचें पथक. मूळ चित्रपटांचीं नांवें पुसून रचनांना नवीं विनोदी नांवें देण्यांत आलीं. एकीचें नांव 'फिस्ट्स ऑफ करी', म्हणजे आपल्या भाषेंत रश्शाचे ठोसे. ज्या वादकांच्या बोटांतून हें निघालें त्यांची आठवण तेथें कोणास व्हावी? मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत त्या काळीं वाद्यवृंदाचा कणा म्हणजे गोव्याचे वादक व संयोजक. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हीं त्यांतल्या त्यांत ऐकूं येणारीं नांवें. आणि यांपैकीं गोन्साल्विस यांचें नांव सर्वतोमुखीं झालें तें तरी शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ सालच्या एका चित्रपटाच्या गाण्यांत तें गोंवलें म्हणून. गाणें गुणगुणणाऱ्यांपैकीं किती जणांस माजोर्ड्याच्या त्या व्हायोलिन-गुरूंची माहिती आहे? ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकानें मुंबईस येऊन, वृद्ध वादकांस घरोघर गांठून, त्यांच्या तोंडची हकीकत २००८ सालीं ग्रंथरूपानें छापली. तें काम आमच्यापैकीं कोणी आधीं केलें नाहीं, याचा उल्लेख येथें करून ठेवतों.

लंडनमध्येंही २०१८ सालीं एका माहितीपटाच्या कर्त्यांनीं तेथील कोठार-संगीतकारांस शोधून बोलतें केलें. उशीर झाला होताच. अॅलन हॉकशॉ २०२१ सालीं गेला, हर्बी फ्लॉवर्स २०२४ सालीं. जे मागें उरले आहेत ते ऐंशीच्या घरांत किंवा त्यापुढें आहेत. जुन्या तबकड्या पुन्हां प्रसिद्ध करून त्यांवर पैसा मिळविणाऱ्या संस्थांनीं आपल्या दप्तरांत बैठकींच्या बिदागीच्या पावत्या असतील तर त्या आधीं उघडाव्यात, पावतीवर सही कोणाची आहे तें वाचावें, आणि ज्या रचनेंत गिटार, खर्ज किंवा ड्रम कोणीं वाजविला हें त्यावरून कळेल, त्या रचनेखालीं तें नांव छापावें. दूरचित्रवाणीच्या संस्थांनीं प्रत्येक भागाच्या शेवटीं, जेथें रंगभूषाकाराचें आणि मोटार-चालकाचें नांव येतें तेथेंच, संगीत माणसांनीं वाजविलें कीं यंत्रानें काढलें हें एका ओळींत सांगावें. या ओळीला जागा नाहीं असें त्यांनीं म्हटलें, तर ती कोठें बसवावी हें सांगण्यास आम्ही तयार आहों.